पोथीवरच्या पेन्सिलीच्या रेघा

या मित्रांनो, कीर्तनाला बसता तसे सरकून जवळ बसा. गोष्ट माझीच आहे, पण ती आठवली की मला स्वस्थ बसवत नाही.

मी एक जुने इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक आहे. छापून नव्वद वर्षे झाली. धावड्याच्या शाळेतल्या श्रीपती गुरुजींना मी वडिलांकडून मिळाले. गुरुजी इंग्रजी शिकवायचे आणि एकादशीला कीर्तन करायचे. दोन्हीकडे नेम एकच: पोथीतले अक्षर बदलायचे नाही. दसऱ्याला ते मला हळदकुंकू वाहत आणि मी फुगून जाई.

त्या मानापायीच घात झाला. गुरुजी वर्गात माझीच वाक्ये घोकून घेत, दुसरे पुस्तक नाही. चौऱ्याहत्तर साली पुंजारामची बेबीनंदा मॅट्रिकला इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झाली. तिला मास्तरीण व्हायचे होते. पुंजाराम मजुरी करणारा माणूस. त्याने सांगून टाकले, आता एकच खेप, नाहीतर आईबरोबर कामाला चल. त्याच आठवड्यात ती मावशीकडे भोकरदनला गेली. तिथे शेजारच्या मुलीचे नवे पुस्तक तिने चाळले आणि परत येऊन थेट गुरुजींपुढे उभी राहिली. माझ्यातली कितीतरी वाक्ये आता कुणी तशी लिहीतच नाही, असे तिने सांगितले.

गुरुजी चिडले. संतांची ओवी आपण बदलतो का, म्हणाले.

बेबीनंदाची मान खाली होती, पण ती बोलली. "गुरुजी, नापास मी होऊन राह्यले. पोथीला कोण नापास करतंय? मंग या खेपेला तिलाच बसवा परीक्षेला."

त्या दिवसापासून ना मला चैन, ना गुरुजींना. ते एसटीने जालन्याला गेले आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मुकुंदरावांकडे दोन दिवस ठाण मांडून बसले. परतले ते चिपळ्या घेऊनच वर्गात शिरले.

मित्रांनो, त्यांनी इंग्रजीचेच आख्यान लावले. हजार वर्षांपूर्वी म्हणे त्या शब्दांनाही आपल्यासारखे प्रत्यय होते. 'वाघाने शेळी मारली' म्हणा की 'शेळी वाघाने मारली', मरायची शेळीच. पण शतकानुशतके बोलता बोलता प्रत्यय झिजले. मग वाघ कोण नि शेळी कोण, कळावे कसे? म्हणून शब्दांना जागा नेमून दिल्या. करणारा आधी, मग क्रियापद, मग ज्याच्यावर बेतते तो. जागा हलली की शेळीच वाघाला खाते. वर्ग खो खो हसला. पूर्वी त्यांच्यातही 'तू' वेगळा होता, 'तुम्ही' वेगळे. एकमेकांना मान देता देता 'तू' मागे पडला आणि लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' उरले. प्रश्नात क्रियापद स्वतःच उडी मारून पुढे यायचे. नंतर ते आपल्या जागीच थांबले आणि त्याच्याऐवजी 'डू' नावाचा चोपदार पुढे चालू लागला.

"म्हणजे पोथी खोटी न्हाई?" बेबीनंदाने विचारले.

"खोटी न्हाई, पोरी. ती तिच्या काळाची. मी तिला पुजत राह्यलो, अन् त्याचा भुर्दंड तुला."

एवढे बोलून त्यांनी मला टेबलावर ठेवले, माझ्यावर कपाळ टेकवले आणि पेन्सिल उचलली. आजवर त्यांनी माझ्यावर ठिपकाही पडू दिला नव्हता. त्यांनी जुन्या वाक्यावर रेघ ओढली आणि कडेच्या कोऱ्या समासात आजचे वाक्य लिहिले. मला वाटले होते दुखेल. दुखले नाही.

परीक्षेपर्यंत मी बेबीनंदाच्या दप्तरात राहिले. विहिरीवर गेले, बांधावर गेले. निकाल लागेपर्यंतचे दिवस कसे काढले ते विचारू नका. ती पास झाली. पुढे अंबडकडच्या एका शाळेत बाई झाली.

गुरुजी गेल्या उन्हाळ्यात वारले. मी आता शाळेच्या काचेच्या कपाटात असते. दसऱ्याला कुंकू लागते आणि लगेच कुलूप. आत माझा जीव तगमगतो. एवढ्यात भाषा आणखी चार पावले गेली असेल आणि माझ्या समासात अजून जागा आहे. मित्रांनो, मला नुसते पुजू नका, उघडा. आणि माझ्यावर पेन्सिल टेकवाल तेव्हा, आधी कपाळ टेकवून मग रेघ ओढणाऱ्या श्रीपती गुरुजींची आठवण ठेवा.