भावजयीच्या कपाटातली सुई

भावाने पन्नाशीत लग्न केलं, तेही औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईशी, आणि तेव्हापासून थोरल्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकत होती. इतकी वर्षं इन्सुलिन घेऊन तो ठणठणीत होता. आता दोन महिन्यांत तीनदा घामाघूम होऊन मटकन खाली बसला होता. त्यात कपाटात तिला एक नारिंगी डबी सापडली. आत सुई आणि भुकटीची छोटी बाटली. साखर फार उतरली तर द्यायचं औषध आहे, असं भावजय म्हणाली. बहिणीला ते पटलं नाही. गुडघेदुखीचं निमित्त काढून ती मुक्कामालाच आली.

चौथ्या दिवशी दुपारी, घड्याळ दुरुस्त करता करता भाऊ असंबद्ध बोलू लागला. भावजय साखरपाणी आणेपर्यंत तो खुर्चीवरून घसरला. हाकेला ओ देईना. बहिणीने पेला हिसकावून त्याच्या ओठांना लावला, तो भावजयीने बाजूला सारला. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजलं तर श्वासात अडकेल, म्हणाली, आणि डबी उघडली.

बहिणीने तिचं मनगट धरलं. "तू त्याला सुई लावायची नाहीस."

भावजयीने वाद घातला नाही. "मग तुम्ही द्या, ताई. झाकणावर लिहिलंय. पण वेळ घालवू नका." डबी तिच्या हातात देऊन ती रुग्णवाहिकेला फोन लावू लागली.

सुईतलं पाणी बहिणीने भुकटीच्या बाटलीत सोडलं, हलवलं, परत ओढून घेतलं आणि मांडीत टोचलं. दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. मग नुसती वाट बघणं. बहीण भावाकडे कमी आणि भावजयीच्या तोंडाकडे जास्त बघत होती. तिथे कोरडे पडलेले ओठ होते, दुसरं काही नाही.

दहा-बारा मिनिटांनी तो ओकला, डोळे उघडले, घोट घोट साखरपाणी प्यायला. गाडीबरोबर आलेल्या परिचारिकेने खोदून विचारलं तेव्हा त्याने खाली मान घालून कबूल केलं. सकाळचं इन्सुलिन घेतलं की नाही ते हल्ली आठवत नाही, म्हणून कधीकधी तो पुन्हा घ्यायचा. बायकोला सांगायची लाज वाटत होती.

गाडीत एकाच नातेवाइकाला जागा होती. बहीण चढून बसलीच होती. मग ती खाली उतरली.

"तू बस," ती भावजयीला म्हणाली. "विचारलं तर तुला नीट सांगता येईल."