सिस्टरांचा लांब पटर

चेंडू भोकापासून जेमतेम दोन हातांवर होता, तरी सिस्टरांच्या मनगटाला झटका बसला आणि चेंडू कडेने निसटला.

"वारा होता, ताई," धाकटी बहीण म्हणाली.

"एक तरी पान हललं का?"

तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देताना सिस्टरांचा हात कधी थरथरला नव्हता. निवृत्तीनंतर धाकटीने गोल्फचा नाद लावला. पण गेले चार महिने हे असं. वडिलांचं दुखणंही हातापासूनच सुरू झालं होतं. शेवटी त्यांच्या शर्टाची बटणं सिस्टरच लावायच्या. डॉक्टरांनी तपासून 'तसलं काही नाही' म्हटलं होतं. पण पेशंटला धीर द्यायला काय काय बोलतात, हे सिस्टरांना पुरतं ठाऊक होतं.

त्या तडक काठ्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या खोलीत गेल्या. पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, त्यांनी टेबलावर ठेवला. "देऊन टाका कुणाला तरी. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण मनगट ऐकत नाही."

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "सुईत दोरा ओवता येतो?"

"पहिल्या झटक्यात."

"मग डॉक्टर म्हणतात ते खरंच असेल की! माझंही मनगट असंच बिथरलं होतं. काठी बदलली, सुटलो."

जाड मुठीचा पटर वापरून झाला, डावा हात खाली धरून झालं. झटका होताच. मग मिस्त्रींनी छातीपर्यंत येणारा लांब पटर काढला. "भोकाकडे तोंड करा. चेंडू उजव्या पावलाशेजारी. डाव्या हाताने वरचं टोक नुसतं धरा, उजव्याने झोका द्या. मनगटाला कामच नको."

सतरंजीवरून चेंडू सरळ आडव्या पेल्यात गेला. दुसराही. बारावा गेला तेव्हा दारातून धाकटीचा आवाज आला, "बाबांसारखं नाही ना गं?"

"नाही."

"चार महिने धड झोपले नाही मी."

"आणि मी काय घोरत होते?"

दोघी पुन्हा मैदानात आल्या. "सिस्टर, झाडू कशाला आणलात?" कुणीतरी ओरडलं.

"तुम्हाला झाडून काढायला!"

त्या भोकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उजवा हात शांतपणे पुढे गेला. चेंडू टपकन आत पडला. धाकटी तो काढायला वाकली, आणि डोळे पुसून होईपर्यंत वाकलेलीच राहिली.