चार्वीची बॅग

वेळणेश्वरला निघायच्या दिवशी सकाळी मी चार्वीचा स्वेटर तिच्या बॅगेत ठेवला आणि तिला थंडी वाजायची थांबली.

जानेवारी होता. सांगलीत आमच्या घरामागे ऊस आहे, त्यामुळे सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. एरवी ती उठल्या उठल्या माझ्या गाऊनमध्ये शिरते. त्या दिवशी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये अनवाणी उभी राहून ती माझ्या घड्या बघत होती.

मग मी खोकल्याचं औषध ठेवलं. आठवडाभर छळणारा तिचा खोकला तिथेच थांबला. पाण्याची बाटली ठेवली, नाचणीचं सत्त्व आणि मेतकुटाची डबी ठेवली. न्याहारीला तिने हट्ट केला नाही, ताटलीही ढकलली नाही. तिला भूकच नव्हती. तहानही नव्हती.

माझा नवरा उदय बाहेर गाडीच्या काचा पुसत होता. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बरंच झालं की. प्रवासात त्रास नाही."

मलाही आधी तसंच वाटलं. गेल्या वर्षी गणपतीपुळ्याला जाताना चार्वीला वाटेतच ताप भरला होता आणि आम्ही एका गावात बंद दुकानांपुढून औषध शोधत फिरलो होतो. ती माझ्या मांडीवर नुसती भाजत होती. तेव्हापासून तिची बॅग भरताना मी काहीच मागे ठेवत नाही. निहार मोठा, दुसरीत आहे. त्याने स्वतःची बॅग स्वतःच भरली होती आणि त्याला काही झालं नव्हतं. भूक लागली म्हणून तो सारखा स्वयंपाकघरात येत होता.

चार्वीची एक छोटी गोधडी आहे. तिचा कोपरा तोंडात धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. ती गोधडी बॅगेत गेली तेव्हा चार्वीच्या डोळ्यांतली पेंग निघून गेली. मग मी वाळूत खेळायची बादली आणि फावडं ठेवलं. कितीतरी दिवस ती समुद्र समुद्र करत होती, म्हणून मी सहज विचारलं, समुद्रावर गेल्यावर काय करणार.

"काही नाही," ती म्हणाली.

ती रुसली नव्हती. खरोखरच तिला काही करायचं नव्हतं. मी पलंगावर बसले.

मग मी बॅगेतलं सगळं बाहेर काढलं. तिला स्वेटर घातला. माप घेताना शिंप्यापुढे उभं राहावं तशी ती हात पसरून उभी राहिली. तिला पाणी दिलं. ते तिने थोडा वेळ तोंडात धरलं आणि मोरीत नेऊन हळूच टाकलं. वस्तू बाहेर आल्या होत्या, पण त्यांच्याबरोबर जे आत गेलं होतं ते आतच राहिलं होतं.

तेवढ्यात रिकामी बॅग खोकली. चार्वीचाच खोकला. आधी कोरडी ढास, मग तो दमलेला बारीक उसासा.

बॅग कुडकुडत होती. मी चार्वीच्या अंगातला स्वेटर काढून बॅगेत घातला, तशी ती शांत झाली. मग औषध ठेवलं. गोधडी ठेवली. एकेक करून सगळं परत आत गेलं. मी बॅग कडेवर घेतली. तिचं वजन माझ्या कमरेला ओळखीचं होतं. थोपटलं तेव्हा ती जड झाली, मुलं झोपली की होतात तशी.

निहार दारात आला. "झोपली का ती?" त्याने कुजबुजत विचारलं. चार्वी त्याच्या शेजारीच उभी होती.

शेजारच्या सुलभाकाकू घराची किल्ली घ्यायला आल्या. आम्ही कुठे गेलो की झाडांना पाणी त्याच घालतात. त्यांनी चार्वीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की हिला राहू दे की माझ्याकडे, हिचा तर काहीच त्रास नाही. मी नको म्हटलं. त्या किल्ली हातात घेऊन तिथेच थांबल्या.

कुठेही जाताना माझी वेगळी बॅग नसते. माझे कपडे मुलांच्या बॅगेत उरलेल्या जागेत जातात. मी काकूंशी बोलत होते तेवढ्यात उदयने दोरीवरून माझा गाऊन आणला, चार्वीच्या बॅगेत कोंबला आणि चेन लावली.

"तुझंच राहिलं होतं," तो म्हणाला.

मी चार्वीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पाहुण्यांकडे बघतात तसं.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.

तिने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. आमच्या घरात मुलं आईला अगं म्हणतात.

मी उदयला म्हटलं, आपण जायला नको. तो चिडला नाही. निहार गाडीत जाऊन बसलाय, एवढंच म्हणाला. मग त्याने बॅग उचलली. एक हात खाली धरला आणि दुसरा वरच्या बाजूला, मान सांभाळावी तसा. तेव्हा मला कळलं की त्याला सगळं माहीत आहे. त्याने ती मागे चार्वीच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला.

"आणि चार्वी कुठे बसणार?" मी विचारलं.

"जागा कुठे आहे?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. तो बराच वेळ त्या पट्ट्याचं बक्कल तपासत राहिला.

काकू तिचं बोट धरून आपल्या फाटकापाशी गेल्या. मीही गेले. वाकून तिचा पापा घेतला. तिने घेऊ दिला. तिच्या गालाला दुधाचा वास नव्हता, तेलाचा नव्हता. कसलाच नव्हता. मी तिला घट्ट धरलं. मी सोडेपर्यंत ती थांबली.

"आई," गाडीतून हाक आली. भुकेली, चिडकी हाक. लगेच दुसरी आली.

"आले गं," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

मी गाडीपाशी आले आणि मागच्या सीटवर बसले. बॅगेने माझ्या कुशीत डोकं घातलं आणि रडायची थांबली. माझा एक पाय अजून रस्त्यावर होता. उदयने गाडी सुरू केली. काकू घरात गेल्या होत्या. चार्वी एकटीच फाटक ओढून घेत होती. त्या फाटकाची कडी उंच आहे, मोठ्या माणसालाच लावता येते. तिने टाचा उंच केल्या, हात वर नेला, आणि तिचा हात पोचला.