त्या दिवसाचा क्रम

वाटपबाईंनी शिक्का उचलला आणि कागदावर न टेकवता तसाच हातात धरून ठेवला. खिडकीपलीकडे वकिलाचा कारकून उभा होता आणि त्याच्यामागे छातीशी फाइल धरलेली एक बाई. कारकुनाने सरकवलेला अर्ज एका लहान मुलीच्या ताब्याचा होता. अर्जदार, म्हणजे त्या मुलीची आई, वाटपबाईंची लेक होती, पण आडनाव सासरचं असल्यामुळे कार्यालयात कुणाच्या ते लक्षात येण्यासारखं नव्हतं.

नोंदवहीत पुढचा आकडा होता दोनशे बारा. विषम आकड्याचं प्रकरण पहिल्या दालनात, सम आकड्याचं दुसऱ्या. खिडकीशी जो आधी आला त्याचा आकडा आधी. नात्यातल्या कुणाचा कागद आला तर वही शेजारच्या कारकुनाच्या हाती देऊन उठायचं, हाही नियमच. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. म्हणून तर सगळं न्यायालय त्यांना वाटपबाई म्हणत असे. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

"पाचव्या पानावर सही राहिलीय," त्या म्हणाल्या. "घेऊन या. तोवर यांचं घेते."

कारकून पान उलटून बघतोय तोवर त्यांनी मागच्या बाईचा अर्ज आत ओढून घेतला होता. दोनशे बाराचा शिक्का त्यावर बसला. दहा मिनिटांनी कारकून कुरकुरत परत आला, सही तर होतीच म्हणाला. वाटपबाईंनी चष्म्यावर खापर फोडलं आणि लेकीच्या अर्जावर दोनशे तेरा उमटवला. पहिलं दालन. काम फत्ते झालं, तरी दुपारचा डबा त्यांनी तसाच घरी नेला.

दुसऱ्या दालनातल्या न्यायाधीशबाई धर्मपीठाच्या कायदा महाविद्यालयात शिकलेल्या होत्या. तिथे सकाळी धर्मशास्त्र शिकवत आणि दुपारी देशाचा कायदा. पूर्वी तिथली मुलं पीठाच्याच नोकरीत राहत. गेल्या दहा वर्षांत ती सरकारी वकील झाली, कायदा खात्यात शिरली आणि आता न्यायासनावरही बसू लागली. चंचुप्रवेश झालाय, मुसळ मागून येतंय, असं चहाच्या टेबलावर सगळेच म्हणत. वाटपबाई बोलत नसत, बघत असत. न्यायाधीशबाईंचं दार रोज बारा वाजता पाच मिनिटं आतून बंद होई. त्यांच्या टेबलावर कापडी बांधणीची एक जुनी जाड वही असे. महिन्यातून एकदा पिकल्या केसांचे एक अध्यापक त्यांना भेटायला येत आणि जाताना वाटपबाईंकडे बघून उगाचच हसत.

वाटपबाईंनी आपल्या डायरीच्या मागच्या पानावर न्यायाधीशबाईंचे निकाल टिपून ठेवले होते. ताब्याची अकरा प्रकरणं. सात मुलं आईकडे गेली, चार बापाकडे. त्या चारांखाली त्यांनी रेघ ओढली होती. सातांचं त्यांना कोडं पडे, मग वाटे, हा डावच असणार. आधी विश्वास कमवायचा आणि नंतर गळा धरायचा.

पहिल्या दालनात थोरले साहेब होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं. देवधर्माची त्यांच्याइतकी टवाळी इमारतीत कुणी करत नसे. माझ्या दालनात देवाला यायचं असेल तर त्यानेही वकीलपत्र दाखल करावं, हा त्यांचा विनोद शिपायांनाही पाठ होता. अशा माणसाकडे नातीचा कागद गेला म्हणजे ती घरीच राहिली, असं वाटपबाई धरून चालल्या होत्या.

तीन आठवड्यांनी दोनशे बाराची सुनावणी लागली. फाइल पोचवायच्या निमित्ताने वाटपबाई दुसऱ्या दालनात गेल्या आणि शेवटच्या बाकावर टेकल्या. खिडकीशी आलेली ती बाई पुढच्या बाकावर होती. तिच्या मुलाला नुकतंच सहावं लागलं होतं. नवऱ्याचा वकीलही पीठाचाच विद्यार्थी. हे वाटपबाईंना ठाऊक होतं, आणि आता दोघं संगनमताने काय करतात ते त्यांना बघायचं होतं.

वकिलाने एक पातळ निळी पुस्तिका वर धरली. 'बालहित मार्गदर्शिका'. कायदा खात्याने वर्षापूर्वी सगळ्या न्यायालयांना पाठवलेली. मुलाचं वाचन सुरू झालं की त्याच्या वाढीचा दुसरा टप्पा लागतो, आणि त्या टप्प्यात पितृगृहाचं स्थैर्य हितावह ठरतं, असं त्याने तिच्यातून वाचून दाखवलं.

न्यायाधीशबाईंनी पुस्तिका मागवून घेतली, ते पान वाचलं आणि मिटली.

"वकीलसाहेब, हे कोणत्या कायद्यात आहे?"

"मार्गदर्शिकेत आहे. बालमानसशास्त्राच्या आधारे—"

"दुसऱ्या वर्षाला आपण एकाच वर्गात होतो. 'अक्षर कळलं की घर बदललं.' धर्मशास्त्राचं हे सूत्र तुम्हालाही पाठ आहे, मलाही आहे. त्याला वरून मानसशास्त्राचा कोट चढवलाय, एवढंच."

वकील हातातले कागद चाळू लागला.

"त्या ग्रंथाला मी आजही मान देते," त्या तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या. "पण तो माझ्या घरी. इथे या मुलाचं हित काय, तेवढं बोला."

मुलगा आईकडे राहिला.

वाटपबाई जिना उतरून आपल्या खुर्चीशी आल्या, पण बसल्या नाहीत. न्यायाधीशबाईंना सूत्र तोंडपाठ होतं, म्हणून त्यांनी ते वेष पालटून आलेलं असतानाही ओळखलं. थोरल्या साहेबांनी पीठाचं एक पानही कधी उघडलं नव्हतं. त्यांना कोण सांगणार?

कामाचे कागद घेऊन त्या पहिल्या दालनात गेल्या. साहेबांच्या टेबलावर निळी पुस्तिका होती, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली. कागद ठेवताना त्यांनी धीर केला. या पुस्तिकेत पीठाचं काहीतरी घुसलंय असं लोक म्हणतात, एवढंच त्या बोलल्या.

साहेब हसले. "सरकारी छपाई आहे बाई. पीठवाले आले तर मला वासावरून कळतं." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "एवढी चौकशी? यातल्या कुठल्या प्रकरणाशी तुमचा काही संबंध आहे का?"

"नाही साहेब," वाटपबाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी निकाल लागला. नात आता रस्त्यावरच्या पाट्या वाचते, हे लेकीने साक्षीत कौतुकाने सांगितलं होतं. साहेबांनी निकालात तेच वाक्य उतरवून घेतलं, त्याखाली मार्गदर्शिकेतला उतारा दिला आणि वाचन सुरू झालेल्या मुलीचा ताबा बापाकडे सोपवला. देवाचं नाव निकालात कुठेच नव्हतं. बुधवारी जावई गाडी घेऊन आला. नातीने दप्तर स्वतःच भरलं आणि गाडीच्या नंबराची अक्षरं मोठ्याने वाचत ती आत बसली. लेकीला भेटीसाठी दर दुसरा शनिवार मिळाला.

अपिलाला दोन वर्षं लागतील, असं लेकीच्या वकिलाने सांगितलं. मायलेकी समोर बसल्या होत्या. वकिलाने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले आणि लेकीकडेच बघत म्हटलं, की दुसरी एक वाट आहे. वाटपाच्या क्रमात गफलत सिद्ध झाली तर त्या दिवसाचं सगळंच वाटप रद्द होतं, निकालांसकट. दोन महिन्यांत नव्याने सुनावणी. वाटपाला तर तुमच्या आईच असतात, त्यांनीच वही बघावी.

"माझ्या कारकुनाला त्या दिवशी सहीसाठी परत पाठवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "सही तर होती, असं तो म्हणतो."

वाटपबाईंनी उद्या वही बघते म्हणून सांगितलं.

रात्रभर विचार करून त्यांचं ठरलं होतं. नोकरी गेली तर जाऊ दे. चोवीस वर्षांची अब्रू नातीपेक्षा मोठी नव्हती. सकाळी कार्यालयात येऊन त्यांनी कबुलीचा अर्ज लिहायला घेतला. तारीख घातली, दोनशे तेरा लिहिलं, त्याच्याआधी दोनशे बारा लिहिलं. एवढ्यात खिडकीवर टकटक झाली.

ती बाई निकालाची नक्कल घ्यायला आली होती. शाळेत द्यायची आहे म्हणाली. मुलगा तिच्या हाताला लोंबकळत भिंतीवरची सूचना एकेक अक्षर लावून वाचत होता. वाटपबाईंनी नक्कल काढली, शिक्का मारला, सही केली. बाई कागद घेऊनही हलली नाही.

"त्या दिवशी माझा कागद आधी घेतलात ना तुम्ही," ती म्हणाली. "मला बाहेर लोकांनी सांगितलं, नाहीतर पहिल्या दालनात गेला असता. मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तरी केलंत."

"मी काही केलं नाही," वाटपबाई म्हणाल्या.

बाईने मान डोलावली, जणू हे असंच म्हणायचं असतं हे तिला समजलं होतं, आणि मुलाला ओढत निघून गेली. तो जाताजाता उरलेली सूचना मोठ्याने वाचत होता. जिन्याच्या वळणापर्यंत त्याचा आवाज येत राहिला.

वाटपबाई बराच वेळ अर्जावरच्या दोन आकड्यांकडे बघत बसल्या. एक रद्द झाला की दुसराही रद्द होणार होता. मग त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली, ती फाडली आणि टोपलीत न टाकता पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी लेक टेबलाशी अपिलाचे कागद पसरून बसली होती. त्या चपला काढत असतानाच तिने विचारलं,

"वही बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"क्रम बरोबर आहे."

लेकीने वर पाहिलं.

"वकील म्हणाले, सही होती."

"मला दिसली नव्हती," वाटपबाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

लेक आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने दोघींच्या मधे पसरलेले कागद एकेक करून गोळा केले आणि आपल्या बाजूला ओढून घेतले.