लाल मुठीचा स्विच

अमेरिकेतल्या आमच्या शेबॉयगन गावच्या बिअर मंडळात अकरा वर्षं एकच रीत चालली होती. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी मिळून बिअर करायची, ती अध्यक्ष गॉर्डी प्रस्टच्या गॅरेजमध्ये. गॉर्डीने जन्मभर गाड्या विकल्या, त्यामुळे बोलण्यात तो कुणाला हार जात नाही. यंदा मी म्हटलं, माझ्याकडे करू. हिवाळाभर खपून मी विजेवर पाणी तापवायचं पॅनेल बांधलं होतं आणि ते सगळ्या मंडळासमोर चालवायचंच, असं मनाशी ठरवलं होतं.

आठवडाभर आधी गॉर्डी पाहणीला आला, मागे सगळं मंडळ. पॅनेलचं दार बघून तो हसलाच. माझा मुख्य स्विच चाळीस अँपिअरचा, लाल मुठीचा, दिसायला ओबडधोबड. त्याच्यासाठी दाराचं भोक कानशीने घासून मोठं करताना माझी दोन नखं गेली होती. गॉर्डीने खिशातून हिरव्या दिव्याचं नाजूक बटण काढलं. सोळा अँपिअरचं. त्याच्या स्वतःच्या पॅनेलवर तेच होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून मंडळातल्या चौघांनीही तेच बसवलं होतं.

"अगं लोर्ना, साधा हिशेब आहे. तुझी पाणी तापवायची कॉइल घेते तेवीस अँपिअर. तारा दोन. म्हणजे एकीवर साडेअकरा. सोळाचं बटण पुरून उरतं. तू तर धरणाचं दार बसवलंयस."

सगळे हसले. पुढे तो जे म्हणाला ते मात्र मला झोंबलं. जिला एवढा भागाकार जमत नाही तिच्या पॅनेलने तापवलेल्या पाण्यात मंडळाचं माल्ट, बिअरचं मोड आणलेलं धान्य, घालायचं नाही, बिअर नेहमीसारखी त्याच्याकडेच होईल. माना डोलल्या. माझ्या नवऱ्यानेही डोलावली. त्याच्याकडे मी नंतर बघून घेतलं.

वीस वर्षं मी लोकांचे कपडे वाळवायचे ड्रायर दुरुस्त केलेत. तेही अशाच दोन तारांवर चालतात. करंट एकीने आत जातो, दुसरीने बाहेर पडतो, दोघींत वाटून घेत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. कुणी ऐकेना. मग मी टाँग टेस्टर आणला, तारेभोवती चिमटा अडकवला की किती करंट जातोय ते दाखवणारा. पातेलं पाण्याने भरलेलं होतंच. लाल मूठ फिरवली.

"मी नाही वाचणार," मी म्हटलं. "गॉर्डी, तू वाच. मोठ्याने."

पहिली तार. "बावीस पूर्णांक नऊ," तो म्हणाला, आणि लगेच पुस्ती जोडली, की सगळा भार हीच घेत असेल, दुसरीवर काही नसणार. मी चिमटा दुसरीवर नेला.

त्याने वाकून आकडा वाचला. "बावीस पूर्णांक नऊ." मग चाचरत म्हणाला, "म्हणजे एकूण शेहेचाळीस?"

"शेहेचाळीस असते तर तीसचा ब्रेकर केव्हाच पडला असता, बाबा. तेवीसच आहेत. जाताना तेच, येताना तेच. तुझ्या बटणाला किती वर्षं झाली?"

त्याने गाडीची किल्ली काढली आणि घरी गेला. आम्ही तोवर ब्राट सॉसेज भाजून खाल्ले. तासाभराने तो परतला आणि आपल्या पॅनेलचं बटण टेबलावर ठेवलं. पुढून ते अजून चकचकीत हिरवं होतं. मागचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलं होतं आणि एक स्क्रू आत कायमचा रुतला होता.

ते बटण त्याने त्या चौघांपुढे सरकवलं. "हे तीन वर्षं माझ्या पॅनेलच्या दारात होतं. चूक माझी. तुम्ही चौघं आजच घरी जाऊन काढा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी लोर्नाकडे."

मला इतका आनंद झाला की तो लपवायचं मनातही आलं नाही. मी खो-खो हसले. सगळ्यांना सांगितलं, सकाळी आठला या, पहिलं माल्ट मी घालणार. आणि ढवळायचं लांब लाकडी उलथणं गॉर्डीच्या हातात दिलं. अकरा वर्षं माल्ट तो घालायचा आणि उलथणं माझ्याच हातात असायचं.