गोधडीवरचा काटा

सरळ उभे राहा, खिशातला मोबाइल काढून ठेवा आणि श्वास रोखू नका. त्याने काही कमी होत नाही. मी देवासच्या एका कॉलेजच्या कुस्ती संघाचा वजनकाटा बोलतोय.

वर जाड काच, खाली चार बुटके पाय आणि पोटात दोन सेल, एवढाच माझा संसार. लोकांना वाटतं माझी अक्कल त्या आकडे दाखवणाऱ्या खिडकीत आहे. ती पायांत आहे. पाय टणक जमिनीवर टेकलेले असले की मी कुणाचीही भीड ठेवत नाही. त्यामुळे मला मित्र कमी.

पैलवान म्हणजे भरपूर खाणारा माणूस, असा तुमचा समज असेल. स्पर्धेच्या दिवसांत त्याच्याइतका उपाशी माणूस दुसरा नसतो. प्रत्येकाचा वजनाचा गट ठरलेला. सकाळी वजन घेताना त्या गटाच्या वर थोडं जरी गेलं, तरी कुस्ती न खेळताच घरी. म्हणून पोरं माझ्यावर चढताना देवळात शिरल्यासारखी चढतात. आमचा पियुष आधी एकच पाय ठेवतो, जणू मी थंड पाण्याची बादली आहे. आकडा पटला नाही की उतरतो, मनगटातला काळा दोरा सोडतो आणि पुन्हा चढतो. एकदा तर त्याने नखं कापून पाहिली.

वैभवी तशी नाही. ती चढते, आकडा बघते, ‘ठीक है’ म्हणते आणि टेकडीच्या पायऱ्या धावत चढायला निघून जाते. विद्यापीठाच्या स्पर्धेत ती मागची दोन वर्षं दुसरी आली होती. पहिली येणारीच राष्ट्रीय स्पर्धेला जाते; दुसरीला टाळ्या मिळतात. यंदा तिचं शेवटचं वर्ष. कॉलेज संपलं की तो दरवाजाही बंद.

या सगळ्यांचे वस्ताद भैयासाहेब. त्यांचे पूर्वज इथल्या दरबाराबरोबर माळव्यात आले. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, घरातली तलवार सांगते. पोरांना ते शिकवतात हिंदीतून, रागावतात मराठीतून. त्यामुळे ज्या पोरांना मराठी येत नाही, त्यांनाही रागावणं तेवढं पक्कं समजतं.

त्यांच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. तलवार, दांडपट्टा, आणि त्यांच्या शेजारी मी. हे भवानीबाईंचं काम, म्हणजे भैयासाहेबांच्या पत्नीचं. या पोरांचं शस्त्र हाच काटा, असं म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी मला हळदकुंकू लावलं. पूजलेली वस्तू लगेच उघड्या जमिनीवर ठेवू नये, हा त्यांचा नेम. म्हणून मग काही दिवस मी तालमीत लाकडी पाटावर बसायचो. पाट टणक, त्यामुळे माझ्या कामात फरक पडत नसे. पुढे केव्हातरी त्या येऊन पाट काढून घेऊन जायच्या.

या चैत्रात भवानीबाई गेल्या.

नवमीला भैयासाहेबांनी एकट्याने पूजा केली. कुंकू माझ्या खिडकीवरच सांडलं, ते त्यांनी उपरण्याने पुसलं. पाट काही सापडेना. फडताळात भवानीबाईंची गोधडी होती, जुन्या लुगड्यांची. ती त्यांनी चौघडी केली, तालमीत आणून अंथरली आणि तिच्यावर मला ठेवलं.

माझे चारही पाय गोधडीत बुडाले आणि पोट टेकलं. आता वर उभ्या राहिलेल्या माणसाचं थोडं वजन परस्पर पोटातूनच खाली जाऊ लागलं, पायांपर्यंत पोचेना. ज्याचं त्याचं वजन किलोभर कमी दिसायला लागलं.

मी काय करणार? मला आकड्यांखेरीज भाषा येत नाही.

तालमीत आनंदीआनंद झाला. भैयासाहेबांना वाटलं, पोरं मन लावून धावताहेत. पोरांना वाटलं, भैयासाहेबांचा व्यायाम लागू पडतोय. दिवाळी झाली तरी मी गोधडीवरच. पियुष मला चक्क नमस्कार करू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी सगळ्यांचा लाडका झालो होतो, आणि तेही खोटं बोलून.

यंदा विद्यापीठाची स्पर्धा धारला होती. भैयासाहेबांनी मला त्याच गोधडीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतलं. धर्मशाळेत पोचताच गोधडी अंथरून सगळ्यांची वजनं झाली. प्रत्येक जण गटाच्या आत, वर थोडी जागाही शिल्लक. पोरांनी काकुळतीने भैयासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी बराच विचार केला आणि जलेबीला परवानगी दिली. पियुषने ती परवानगी एकट्याच्या नावावर असल्यासारखी वापरली.

सकाळी वजन घ्यायला गणोजीराव बसले होते, धारचे जुने पंच. त्यांचा काटा फरशीवर. आधी मुलांची वजनं. पियुष गटाच्या वर. त्याच्या मागचा आमचा अंकितही वर. पियुषने दोरा सोडला, टॉवेलच्या आड उरलंसुरलंही सोडलं, काटा ढिम्म. दोघेही बाद.

भैयासाहेब सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. तुमचा काटा बिघडलाय, म्हणाले. मग मला आणवलं, गणोजीरावांच्या काट्याशेजारी गोधडी नीट अंथरली आणि तिच्यावर मला ठेवलं.

गणोजीरावांनी गोधडीचं टोक बोटाने दाबून पाहिलं.

“भैयासाहेब, काट्याला कोणी अंथरूण घालतं का?”

आजूबाजूच्या संघांतून हसू फुटलं. भैयासाहेबांनी वाकून मला उचललं, गोधडी बाजूला केली आणि मला फरशीवर ठेवून पियुषला उभं केलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पायांना जमीन लागली. मी आणि शेजारचा काटा, दोघांनी एकच आकडा सांगितला. खरं बोलून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

भैयासाहेब बाकावर बसले. गोधडी त्यांच्या मांडीवर होती. वैभवी जवळ उभी होती, तिला उद्देशून की कुणालाच नाही, पण ते म्हणाले, “पाट ती काढून न्यायची. कधी काढायचा, हे मी कधी विचारलंच नाही.”

मुलींची वजनं व्हायला जेमतेम अर्धा तास होता. वैभवी माझ्यावर चढली. गटाच्या वर. या वेळी ती ‘ठीक है’ म्हणाली नाही. तिने भैयासाहेबांपुढे हात केला.

“गोधडी द्या. काकूंच्या गोधडीने चढवलंय, तीच उतरवेल.”

मग धारच्या त्या मैदानाने एक वेगळंच दृश्य पाहिलं. दोन स्वेटर, वरून नऊवारी लुगड्यांची गोधडी, कमरेला पियुषचा टॉवेल करकचून बांधलेला, अशी एक मुलगी उन्हात फेऱ्या मारत होती. मागून पियुष पोट सांभाळत धावत होता, सोबत म्हणून. चहावाल्याने त्याला विचारलं, क्यों भिया, दीदी को ठंड लगी है क्या? उत्तर द्यायला पियुषकडे दम नव्हता.

वैभवी परत आली तेव्हा गोधडीतून पाणी निथळत होतं. ती गणोजीरावांच्या काट्यावर चढली. ते चष्मा पुसून दोनदा वाकले. मग म्हणाले, “जा बेटा. खेळ.”

अंतिम कुस्ती मी पाहिली नाही. मी मॅटच्या कडेला जमिनीवर होतो, आणि दमलेला पियुष माझ्यावरच बसला होता. पण मला सगळं कळत होतं. समोरच्या, धारच्या मुलीला गुण मिळाला की पियुष जड व्हायचा. वैभवीला मिळाला की अर्धवट उठायचा आणि हलका व्हायचा. बराच वेळ तो जडच होता. धावून धावून तिच्या पायांतली ताकद गेली, असं भैयासाहेब पुटपुटत होते. आणि मग एकदम माझ्या खिडकीत शून्य आलं. पियुष उभा राहून ओरडत होता. शेवटच्या क्षणी वैभवीने दोन्ही पायांना मिठी घालून तिला खाली आणलं होतं.

संघांच्या यादीत आम्ही शेवटून दुसरे आलो. पण राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्यांत एक नाव देवासचं होतं.

गोधडी चैत्रापासून धुतलेली नव्हती. भैयासाहेबांनी ती धुवू दिली नव्हती. आता मात्र इलाज नव्हता. वैभवीने विचारलं, घेऊन जाऊ का? त्यांनी ती नीट घडी केली, मग ‘ने’ म्हणाले. दोन दिवसांनी ती तालमीच्या दोरीवर उन्हात वाळत होती, आणि मी खाली, टणक जमिनीवर.

त्याच दिवशी वैभवी भैयासाहेबांना म्हणाली, “आता तुम्ही उभे राहा.”

“मी कशाला? मला कोणत्या गटात लढायचंय?”

तरी ती ऐकेना, तेव्हा चपला काढून ते माझ्यावर उभे राहिले. आकडा बघायला पोरं पुढे वाकली. चैत्रापासून पोरांनी त्यांचं वजन कधी विचारलंच नव्हतं; त्याआधीचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ होता.

“भैयासाहेब,” वैभवी म्हणाली, “तुम्ही दोन गट खाली उतरलात.”

दुसऱ्या दिवसापासून भैयासाहेबांकडे पोरांच्या घरून डबे येऊ लागले. पियुष त्यांच्यासोबत जेवायला बसतो. एकट्याने माणसाला जेवण जात नाही, असं त्याचं म्हणणं. वैभवी राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीला लागली आहे. आणि दर रविवारी तिच्यानंतर भैयासाहेब कुरकुरत माझ्यावर चढतात.

तेव्हा वाचकहो, मला गादी नको, फुलं नकोत, जमीन द्या. बाकी माझं बरं चाललंय. आजवर माझ्या खिडकीत आकडा वाढला की चेहरे पडायचे. आता एक माणूस असा आहे, की त्याचा आकडा वाढला की सगळी तालीम टाळ्या वाजवते.