उभी वहिनी, बसलेली वन्सं

एजिसूच्या रस्त्यावर माझं सिमेंट-सळयांचं दुकान आहे. कोण घर बांधणार हे मला बहुतेक वेळा त्याच्या बायकोच्या आधी कळतं. क्वाबेना अडूसेच्या घराचं मात्र उलटं झालं. ते घर आम्ही सगळ्यांनी आतून पाहिलं, जिने चढून उतरलो, आणि जागेवर तोवर गवताशिवाय काही नव्हतं.

ही करामत अदोमाची. कुमासीत शिकलेली आर्किटेक्ट पोरगी. पूर्वी नकाशा कागदावर यायचा, मालक समजल्यासारखी मान डोलवायचा आणि भिंती उभ्या राहिल्यावर बोंब मारायचा. अदोमा एक जाडजूड काळा चष्मा आणते. तो चढवला की माणूस थेट घरात. भिंत आवडली नाही तर ती लॅपटॉपवर बोटाने सरकवते, आणि सिमेंट किती वाढलं, दुपारचं ऊन कुठल्या खोलीत घुसणार, सगळं तिथल्या तिथे सांगते.

क्वाबेनाचे लाकूड वाहणारे ट्रक आहेत. त्याची बायको अक्या केजेतिया बाजारात कापड विकते. तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. जागेवर वीज नव्हती म्हणून घर बघायला सगळे माझ्या दुकानात जमले. अक्याने चष्मा लावला, चार पावलं टाकली आणि थबकली.

"ही कोण?"

"कोण?" क्वाबेनाने विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे ती. हिरवं नेसलीय. कंबर तर बघा!"

अदोमा हसली. "मावशी, ती कुणीच नाही. खोली केवढी ते कळावं म्हणून एक माणूस उभं करतो आम्ही."

"मग म्हातारी उभी करायचीस. अहो, तुम्ही हिला आधी पाहिलं होतंत?"

"दोनदा," क्वाबेना बोलून गेला.

नवऱ्याने इतकं खरं बोलू नये. अक्याने चष्मा काढला. "हिला हाकल, अदोमा. आणि त्याच जागी मला उभी कर."

अदोमाने तिच्याभोवती फिरून फोनवर फोटो काढले. बाजारातून तशीच आलेली, घामेजलेली अक्या थोड्या वेळात कंप्युटरमधल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण मी हसले नाही. आमच्यात पुरुषाच्या घरावर बहिणीचा डोळा असतो, कारण वंश आईकडून चालतो आणि मामाचं ते भाच्याचं. आता कायदा बायकोच्या बाजूने बोलतो म्हणे. पण कायदा राहतो राजधानीत, अक्रात, आणि नणंद राहते शेजारच्या गल्लीत. अक्याने भाड्याच्या दोन खोल्यांत मुलं वाढवली. नव्या घरात आपण मालकीण की पाहुणी, एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि नेमकं तेवढंच क्वाबेना कधी बोलत नव्हता.

बातमी त्याच्या धाकट्या बहिणीपर्यंत, सेरवापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिनेही येऊन चष्मा चढवला.

"अगं बाई! पाया खणला नाही आणि वहिनी राहायलासुद्धा गेली? दादा, मी काय रस्त्यावरून बघायचं?"

दुसऱ्या दिवशी ती सणासुदीचं भारी केंटे कापड नेसून, गळाभर सोनं घालून आली. माझ्याच खुर्चीत बसून तिने फोटो काढून घेतले. अदोमाने तिला दिवाणखान्यात मोठ्या सोफ्यावर बसवली.

अक्याने ते पाहिलं मात्र, तिचा आवाज पार पेट्रोल पंपापर्यंत गेला. "मी उभी आणि वन्सं बसलेली? मी घामाच्या कपड्यांत आणि ही केंट्यात? बघणारा काय म्हणेल? मालकीणबाई बसल्यात आणि मोलकरीण रांधतेय!"

"वहिनी, जागा तुमची तुम्हीच निवडलीत हो," सेरवा गोड आवाजात म्हणाली.

मग अक्यालाही बसवावं लागलं. दोघी एका सोफ्यावर मावेनात म्हणून दिवाणखाना रुंद झाला. सेरवाने खाली स्वतःसाठी खोली मागितली, तर अक्याने वर तिच्याहून मोठी मागितली. दर वेळी अदोमा बोट फिरवी आणि सिमेंटचा आकडा वर चढे. मी चेहरा दुःखी ठेवला होता. पण त्या दोघींच्या हेव्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मला वर्षभरात मिळालं नव्हतं. तरी आत कुठेतरी मलाही टोचलंच. मला त्या घरात कुणी उभंही केलं नाही.

शेवटी क्वाबेना वैतागला. "दोघींनाही काढ. घर रिकामं ठेव."

अक्याने चष्मा चढवला. एकेक खोली शांतपणे फिरून आली.

"रिकामं कुणासाठी ठेवलंय?"

"हो दादा," सेरवाही ताडकन उठली, "कुणासाठी?"

या दोघी एका बाजूने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुणासाठी नाही! माझं डोकं शांत राहावं म्हणून!"

"चष्मा राहू दे," अक्या म्हणाली. राग आला की ती 'अहो'वरून 'अरे'वर येते. "अरे क्वाबेना, तोंडाने सांग. इथे, तुझ्या बहिणीसमोर. घर कुणाचं?"

क्वाबेनाने बहिणीकडे पाहिलं, मग सिमेंटच्या पोत्यांकडे. "आधी होऊ तर दे. मग बघू."

मला वाटलं, आता दुकान डोक्यावर घेणार. पण अक्या अदोमाकडे वळली. "जुआबेनच्या रस्त्याला माझ्या आईकडून आलेला एक तुकडा आहे. लहान आहे. त्यावर काय बसतं ते बघ."

सेरवा परत खाली बसली. आईकडचं आईच्याच वंशात राहतं, हे गावभर तीच तर सांगत आली होती.

अदोमाने त्या तुकड्यावर ड्रोन उडवून उंचसखल मोजलं. वारा कुठून येतो ते बघून खिडक्या ठरवल्या. घर चष्म्यात तयार झालं, तेव्हा अक्या बराच वेळ आत होती. बाहेर आल्यावर काय पाहिलं ते सांगितलं नाही. थेट सिमेंटचा भाव विचारला.

आम्ही तिचा माल भरत होतो, तेवढ्यात क्वाबेना आला. "काय बांधतेय ते बघू तरी," असं उगाच हसत म्हणाला आणि चष्मा चढवला. हात पुढे करून दुकानभर फिरू लागला.

"बरं आहे. मुलं दिसतायत. अक्या दिसतेय." मान इकडेतिकडे वळवून पाहिली. "अदोमा, मी कुठाय?"

"मावशींनी सांगितलं नाही, काका."

"विसरली असेल. वरच्या मजल्यावर असेन मी."

"काका, वर मजला नाहीये."

तो फिरतच राहिला. परत पहिल्या खोलीत, परत मागच्या. शेवटी पोत्यांच्या थप्पीला धडकला.

अक्या माझ्याशी सळयांच्या भावावरून भांडत होती. तिने मान वळवली नाही. "अहो, जपून," म्हणाली, "ती पोती माझी आहेत."